अब्राम मागे का राहिला नाही? न्यासा, नाशिक आणि मोंबासा यांना जोडणारं एक प्रकरण

१८६६ सालचा पावसाळा आपल्याकडे सुरू होता, तेव्हा डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनरी-प्रवाशाचा तांडा न्यासा सरोवराच्या (आजचं मलावी सरोवर) पूर्वेकडून, याओ नावाच्या लोकांच्या मुलखातून चालला होता. आज हा भाग मोझांबिकच्या उत्तरेला येतो. तांड्यात अब्राम परेरा नावाचा एक तरुण होता. जन्मानं याओ, नावानं ख्रिस्ती आणि शिक्षणानं नाशिकचा. वाटेत एका माणसानं त्याला हाक मारली. बोलता बोलता ओळख पटली आणि तो माणूस अब्रामचा जवळचा वडीलधारा नातेवाईक निघाला. त्यानं घरची हकीगत सांगितली. अब्रामला पकडून नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी यांनाही अरबांना विकून टाकलं होतं. आता इथंच राहा, असा आग्रह त्यानं धरला. लिव्हिंगस्टननंही अब्रामला तेच सुचवलं. अब्राम नाही म्हणाला. जिथं आई नाही, बहीण नाही, तिथं राहून काय करू, असं त्याचं उत्तर लिव्हिंगस्टनच्या रोजनिशीत नोंदलेलं आहे.

पूर्व आफ्रिकेतल्या गुलामांच्या व्यापाराबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक ठिकाणी हिशेब डोक्यांचा असतो: किती पकडले, किती विकले, किती सोडवले. अब्रामचं प्रकरण या हिशेबात बसत नाही. तो सुटलेला होता, शिकलेला होता, आपल्या मुलखात परत पोचला होता आणि नात्यातला माणूसही त्याच्यासमोर उभा होता. तरीही तो परतू शकला नाही. का, एवढ्या एका प्रश्नाभोवती हा अभ्यास आहे.

लवंग, कापड आणि माणसं

ओमानचा सुलतान सय्यद सैद यानं १८४० च्या सुमारास आपली राजधानी मस्कतहून झांझिबारला हलवली. कारण व्यापाराचं होतं. झांझिबार आणि पेंबा या बेटांवर लवंगेचे मळे उभे राहत होते, आणि लवंगेच्या कळ्या झाडावरून हातानं एकेक करून खुडाव्या लागतात. ऐन हंगामात मजूर मिळाले नाहीत, तर पीक वाया जातं. हे मजूर मुख्य भूमीवरून पकडून आणले जात. यातला मोठा ओघ न्यासा सरोवराच्या आसपासचा. तिथून याओ आणि स्वाहिली व्यापाऱ्यांचे तांडे किलवा बंदरात उतरत आणि तिथून होड्यांमधून झांझिबारला जात. ब्रिटिश वकिलातीनं जमवलेल्या आकड्यांनुसार १८६२ ते १८६७ या काळात एकट्या किलवा बंदरातून सुमारे ९७ हजार माणसं बाहेर गेली. वाटेत मेलेले किंवा चालवेनासं झाल्यावर झाडाला बांधून सोडून दिलेले यात नाहीत. त्यांना जकात लागत नव्हती.

या व्यापारात आपला किनाराही होता, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. झांझिबारच्या जकातीचा मक्ता वर्षानुवर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटिया पेढीकडे होता, आणि बेटावर उतरणाऱ्या गुलामामागची जकातही याच मक्त्यात येई. तांडेवाल्यांना उधारीवर कापड, मणी आणि बंदुका पुरवणारे सावकार बहुतेक हिंदी होते. झांझिबारच्या लवंगेची आणि हस्तिदंताची मोठी बाजारपेठ मुंबई होती. १८६० मध्ये ब्रिटिश सरकारचा तिथला प्रतिनिधी (कॉन्सुल) रिग्बी यानं झांझिबारमधल्या हिंदी रयतेकडचे गुलाम सक्तीनं मुक्त करायला लावले, तेव्हा पाच हजारांवर माणसं सुटली. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या लवंगेचा इतिहास असाही आहे.

पण नुसतं अरबांकडे आणि हिंदी सावकारांकडे बोट दाखवून भागत नाही. मटाका नावाचा याओ सरदार लिव्हिंगस्टनला भेटला, तेव्हा त्याच्या गावात निदान हजार घरं होती. त्याच्या माणसांनी सरोवराकडच्या लोकांवर छापा घालून बायका-मुलं आणि गुरं आणली होती. आपल्या परवानगीविना हे झालं, असं म्हणून मटाकानं त्यांना परत पाठवलं, आणि पन्नासच्या वर बायका-मुलं माघारी गेली. हाच मटाका गुलामांच्या व्यापारावर मोठा झालेला होता. बंदूक हवी तर हस्तिदंत किंवा माणसं द्यावी लागत, आणि शेजाऱ्याकडे बंदूक आली की आपल्यालाही ती लागतेच. एकदा हे चक्र सुरू झालं की व्यापारापासून लांब राहणाऱ्या गावावरच पहिला छापा पडे.

आई विकली जाते तेव्हा

अब्रामच्या उत्तराकडे नीट पाहायचं तर याओ कुळरचना समजून घ्यावी लागते. याओ समाज मातृवंशीय. माणूस कोणाचा, हे आईवरून ठरतं. सख्ख्या बहिणी आणि त्यांची मुलं मिळून एक गट होतो. त्याला ते म्बुम्बा म्हणतात, आणि त्यांचा थोरला भाऊ त्या गटाचा पालक असतो. पुरुषाचा मान, त्याच्या शब्दाला येणारं वजन, पुढं गावप्रमुख होण्याची शक्यता, हे सगळं त्याच्या पाठीशी किती बहिणी आणि भाचरं आहेत यावर अवलंबून असतं.

आता अब्रामची परिस्थिती पाहा. आई गेलेली, दोन्ही बहिणी गेलेल्या. म्हणजे त्याच्या बाजूचं कुळच उरलं नाही. नातेवाईक प्रेमानं ठेवून घेईल, जेवूखाऊ घालेल, पण त्या समाजात अब्राम उभा कुठं राहणार? लिव्हिंगस्टननं याची नोंद जरा भावुकपणे केली आहे, याओ लोकांची माया आईच्या बाजूला जास्त असते, अशा अर्थाची. माझ्या मते तो मुलगा भावनेपेक्षा व्यवहाराचं बोलत होता.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. मातृवंशीय समाजात सरदाराची स्वतःची मुलं त्याच्या बायकोच्या कुळात मोजली जात, त्याच्या नाही. पण बायको विकत घेतलेली गुलाम असली तर तिच्या मागे कुळच नसे, आणि तिची मुलं सरदाराचीच होत. त्यामुळे पकडलेल्या बायकांना किनाऱ्याइतकीच आतल्या भागातही मागणी होती. एकेका सरदारानं अशा बायकांमधून आपली माणसं वाढवली आणि मोठी गावं वसवली. व्यापार थांबल्यावरही ही रचना तशीच राहिली. कोण कोणाच्या पोटचा आणि कोण विकत आणलेल्या बाईचा, ही कुजबुज पुढच्या पिढ्यांनाही पुरली.

मुंबई आणि शरणपूर

अब्राम नाशिकला कसा पोचला? ब्रिटिश आरमाराच्या गस्ती जहाजांनी अरबस्तानाकडे निघालेल्या होड्या पकडायला सुरुवात केल्यावर त्यातल्या माणसांचं काय करायचं हा प्रश्न आला. जिथून आणलं तिथं परत सोडावं, तर ती पुन्हा पकडली जाणार. मग कुणाला एडनला, कुणाला सेशेल्सला, तर कुणाला मुंबईला उतरवलं जाई. खलाशांना सोडवलेल्या माणसामागे ५ पौंड बक्षीस होतं. म्हणजे सुटकेलाही दर होताच. मुंबईत ही माणसं पोलीस कमिशनरच्या ताब्यात येत. कुणी घरकामाला लागे, कुणी गोदीत आणि जहाजांवर, आणि काही मुलं मिशनकडे सोपवली जात.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीची शरणपूर ही वसाहत विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्यानं १८५० च्या दशकात उभी केली होती. आजच्या नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो, पण त्या नावामागची ही वसाहत फारशी नाही. १८६० च्या आसपास तिथं आफ्रिकी मुलांसाठी वेगळी सोय झाली. आजूबाजूला मराठी ख्रिस्ती कुटुंबं, शाळेत इंग्रजी आणि बायबल, दुपारी सुतारकाम किंवा लोहारकाम. मुलींनाही शिकवत आणि पुढं त्यांची लग्नं याच मुलांशी लावून देत. नावं बदलली गेली. प्राइस, फेरार, आयझेनबर्ग ही मिशनऱ्यांची आडनावं याओ आणि न्यासा मुलांना चिकटली. चेंग्विंबे नावाचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला.

इथं मिशनऱ्यांना सरसकट झोडपणं सोपं आहे, आणि मला ते पटत नाही. होडीच्या तळाशी उपासमारीनं मरू घातलेलं पोर वाचलं, हातात कसब आलं, हे खरंच आहे. पण या शाळेतून बाहेर पडणारा मुलगा कोणासाठी तयार होत होता, हेही पाहायला हवं. आफ्रिकेत मिशन काढायचं तर हवेला टिकणारा, इंग्रजी समजणारा, सुतारकाम येणारा आणि मुख्य म्हणजे मागे कुणीच नसलेला माणूस हवा असतो. शरणपुरात नेमकी अशीच माणसं तयार झाली.

लिव्हिंगस्टन १८६५ च्या सप्टेंबरात मुंबईला आला आणि शरणपूरहून नऊ मुलं त्यानं सोबत घेतली. अब्राम त्यातलाच. जोडीला मुंबईचे शिपाई होते, उंट होते आणि चक्क हिंदुस्थानी म्हशी होत्या. जनावरांना चावून जीवघेणा रोग देणाऱ्या त्सेत्से माशीपुढे म्हशी टिकतात का, हे त्याला तपासायचं होतं. म्हशी टिकल्या नाहीत. शिपायांनी जनावरांना इतकं मारलं-झोडलं, की माशीनं किती मारल्या आणि माणसांनी किती, हे सांगणंही अवघड झालं.

एकाच तांड्यातले तिघे

त्या तांड्यात आणखी दोन याओ तरुण होते, चुमा आणि वेकातानी. त्यांची गोष्ट वेगळी. १८६१ च्या जुलैत शिरे नदीजवळच्या डोंगराळ भागात लिव्हिंगस्टन आणि बिशप मॅकेन्झी यांच्या लोकांनी एक गुलामांचा तांडा अडवला आणि ८४ जणांच्या मानेतली बेचकी लाकडं कापून काढली. ही दोघं त्यात होती. पुढं १८६४ मध्ये लिव्हिंगस्टन एका छोट्या आगबोटीतून झांझिबारहून थेट मुंबईला आला, तेव्हा त्यांना त्यानं डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. विल्सन कॉलेजमुळे हे नाव मुंबईला परिचित आहे. तिथं त्यांचा बाप्तिस्मा झाला.

१८६६ च्या सप्टेंबरात तांडा न्यासा सरोवराच्या दक्षिण टोकाला पोचला. तिथं वेकातानीला भाऊ भेटला. एक थोरला भाऊ आणि बहीण जवळच राहतात असंही कळलं. ज्या बापानं त्याला विकलं होतं, तो मेला होता. वेकातानीनं राहायचं ठरवलं आणि राहिला. अब्राम आणि वेकातानी दोघंही विकले गेलेले, दोघंही मुंबई इलाख्यात शिकलेले. एकाच्या बाजूला बहीण-भाऊ उरले होते, दुसऱ्याच्या बाजूला कुणी नव्हतं. शिक्षण, धर्म, मोहिमेचा पगार यांपैकी कशानंही निकाल ठरला नाही. घरचं कोण उरलं होतं, त्यावर ठरला.

तिसरा चुमा. हा भाग मला सगळ्यात अस्वस्थ करतो. चुमाला त्याच्याच याओ लोकांनी गुलाम केलं होतं, असं लिव्हिंगस्टनला माहीत होतं. पण आपल्या मुलखात आल्यावर चुमा ठामपणे सांगू लागला, की मला मांगान्जांनी, म्हणजे शेजारच्या जमातीनं, पकडून विकलं, याओ माणूस आपलं मूल कधी विकत नाही. वेकातानीला तर बापानंच विकलं, असं लिव्हिंगस्टननं म्हटल्यावर चुमानं तेही नाकारलं. मग आणखी एका मुलाचं उदाहरण निघालं, बापानं त्याला, त्याच्या आईला आणि बहिणीला विकलेलं. चुमा म्हणाला, ते माचिंगा. म्हणजे याओंमधलीच दुसरी शाखा, आपल्यातले नव्हेत.

लिव्हिंगस्टननं हे मुलाच्या भाबडेपणाचं उदाहरण म्हणून लिहिलं. मला त्यात भाबडेपणा दिसत नाही. ज्याला परत जायचं आहे, त्याला परत जाण्याजोगं काहीतरी मनात उभं करावंच लागतं. चुमानं आपले लोक निर्दोष ठरवले, दोष शेजाऱ्यांवर टाकला आणि तेही अपुरं पडल्यावर शाखा वेगळी काढली. पूर्व आफ्रिकेतल्या कितीतरी समाजांनी पुढं गुलामगिरीच्या आठवणी अशाच सांगितल्या: विकणारे नेहमी पलीकडचे. व्यापारानं माणसं नेलीच, मागे राहिलेल्यांचा एकमेकांवरचा विश्वासही नेला, आणि तो नसताना शेजारी शेजारी राहायचं तर अशा गोष्टी सांगाव्याच लागतात.

चुमा पुढं लिव्हिंगस्टनबरोबर शेवटपर्यंत राहिला. १८७२ मध्ये नाशिकच्या आणखी सहा मुलांची भर पडली. त्यात जेकब वेनराइट आणि मॅथ्यू वेलिंग्टन होते. १ मे १८७३ ला आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. हृदय तिथंच झाडाखाली पुरून, देह मीठ लावून उन्हात वाळवून, सालीच्या नळकांड्यात बांधून या लोकांनी किनाऱ्यापर्यंत, दीड हजार किलोमीटरच्या वर वाहून नेला. झाडावर अक्षरं कोरली वेनराइटनं. १८ एप्रिल १८७४ ला वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत तो एकटा आफ्रिकी होता. ही हकीगत बरीच प्रसिद्ध आहे, म्हणून इथं थोडक्यात. वेनराइट पुढं मिशनांच्या नोकऱ्यांत या ठिकाणाहून त्या ठिकाणी फिरत राहिला आणि १८९२ मध्ये आजच्या टांझानियातल्या उरांबोला वारला.

फ्रेअरटाउनचे ‘बॉम्बे आफ्रिकन’

१८७३ च्या ५ जूनला झांझिबारचा सुलतान बर्घश यानं गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. त्याआधी वाटाघाटीला आलेला सर बार्टल फ्रेअर हा मुंबईचा माजी गव्हर्नर. सुटलेली माणसं आता मुंबईला न आणता किनाऱ्यावरच वसवावीत, असं ठरलं. १८७४ च्या अखेरीस प्राइस मोंबासाला पोचला आणि समोरच्या किनाऱ्यावर फ्रेअरटाउन वसलं. नाशिक-मुंबईहून सुमारे दीडशे आफ्रिकी तिथं गेले. १८७५ मध्ये पकडलेल्या होड्यांमधले २०० हून जास्त लोक आले. त्यांना घर बांधायला, शेत करायला, वाचायला शिकवणारे हेच ‘बॉम्बे आफ्रिकन’.

त्यांची अवस्था विचित्र होती. मोंबासाच्या मुसलमान मालकांच्या लेखी ते कालचे गुलाम, आतल्या गावांच्या लेखी परके, नव्यानं सुटलेल्यांच्या लेखी साहेबांचे लोक आणि गोऱ्या मिशनऱ्यांच्या लेखी जरा जास्तच डोक्यावर चढलेले. इंग्रजी बोलत, साहेबी कपडे घालत आणि पगाराबद्दल भांडत. वसाहतीत फटके मारण्याच्या शिक्षेच्या तक्रारी लंडनपर्यंत गेल्या आणि १८८१ मध्ये प्राइसला पुन्हा यावं लागलं. ज्यांना गुलामगिरीतून सोडवलं त्यांनाच चाबूक, हे त्या काळातल्या काही इंग्रजांनाही पचलं नाही.

या लोकांमधला विल्यम जोन्स मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १८६० च्या दशकातच तो नाशिकहून मोंबासाजवळच्या राबाईला गेला होता. १८८५ मध्ये इश्मायल सेम्लर हा आणखी एक बॉम्बे आफ्रिकन आणि तो दोघंही डीकन, म्हणजे चर्चचे पहिल्या पायरीचे धर्माधिकारी, झाले. राबाई त्याच्या हाताखाली असताना किनाऱ्यावरच्या मळ्यांतून पळालेले गुलाम डोंगर चढून तिथं यायला लागले. स्वाहिलीत त्यांना वाटोरो म्हणत. मिशनचं अधिकृत धोरण स्पष्ट होतं: सुलतानाचा कायदा मोडायचा नाही, पळालेल्यांना थारा द्यायचा नाही. जोन्सनं थारा दिला. लोक झोपड्या बांधून राहिले, शेती करू लागले, चर्चला येऊ लागले. गोऱ्या वरिष्ठांनी बरीच वर्षं याकडे फारसं लक्ष दिलं नाही. चर्च भरलेलं दिसत होतं, हे एक कारण असणार.

१८८८ मध्ये इंपीरियल ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा जॉर्ज मॅकेन्झी मोंबासाला आला, तेव्हा मालक लोक मिशनांवर चाल करून जाण्याच्या बेतात होते. चौकशी झाली. राबाई आणि आसपासच्या मिशनांमध्ये मिळून १४०० च्या आसपास पळालेले गुलाम निघाले. कंपनीला नुकताच पाय रोवायचा होता, दंगा परवडणारा नव्हता. तोडगा असा निघाला की प्रत्येक गुलामामागे मालकाला ठरलेली रक्कम द्यायची आणि गुलामाला मुक्तीचा कागद. १ जानेवारी १८८९ ला राबाईला हे कागद वाटले गेले.

हा दिवस मिशनच्या इतिहासात सणासारखा सांगितला जातो. पण हिशेब पाहा. ही माणसं स्वतःच्या पायांनी पळून आली होती. जोन्सनं त्यांना ठेवून घेतलं होतं, म्हणजे ती आधीच मुक्त होऊन काही वर्षं झाली होती. कंपनीनं त्यांना मुक्त केलं नाही, मालकांचा हक्क मान्य करून तो विकत घेतला. पैसे मिळाले ते मालकांना.

पुढचे कायदेही याच वाटेनं गेले. झांझिबार आणि पेंबामध्ये १८९७ साली गुलामगिरीची कायदेशीर मान्यता गेली, पण मालकाच्या घरात ठेवलेल्या रखेल बायकांना १९०९ पर्यंत त्यातून वगळलं होतं. ज्यांच्या मागे कुळ नसल्यामुळे त्यांना विकत घेणं सोयीचं होतं, त्याच बायका कायद्यालाही शेवटी आठवल्या. केनियाच्या किनारपट्टीवर कायदा १९०७ मध्ये आला. फ्रेअरटाउनची जमीन मिशनच्या नावावर होती, आणि किनाऱ्यावरच्या सुटलेल्या गुलामांपैकी बहुतेकांनी दुसऱ्याच्या जमिनीवर खंडानं शेती करून दिवस काढले. शरणपूरचा मॅथ्यू वेलिंग्टन मोंबासाला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करून १९३५ मध्ये वारला. तोवर लवंगेच्या मळ्यांची मालकी बऱ्याच अंशी पूर्वीच्याच घराण्यांकडे होती, आणि १८९७ व १९०७ या दोन्ही कायद्यांखाली नुकसानभरपाई मिळाली ती गुलामाच्या मालकालाच.